पोस्टकार्डावर पाऊस पडत नाही

१२ जून

प्रिय भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत. बाबांचा खोकला गेला, पाय तेवढे संध्याकाळी सुजतात. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळायला लागलाय. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी कानाला यंत्र बसवून घेतलंय, त्यामुळे आता त्यांच्याविषयी बोलायचं तर आवाज खाली आणावा लागतो.

तुझं कार्ड मंगळवारी मिळालं. बंदर, पांढरी घरं, निळंशार पाणी. पाठीमागे नेहमीच्या तुझ्या तीन ओळी. दोन प्रयोग झाले, गर्दी खूप, सकाळी बंदरावर फिरून आले, आणि शेवटी ते ठरलेलं, "तुम्ही दोघं इथे हवे होतात." मिळालं, वाचलं, भिंतीवर लागलं.

लागलं म्हणजे आपोआप नाही लागलं. मीच लावलं, आणि माझ्याच टाचण्यांनी. काल एका गिऱ्हाइकाची पँट आखूड करायला घेतली तर डबीत औषधाला टाचणी नाही. सगळ्या तुझ्या समुद्रांना आणि किल्ल्यांना टोचलेल्या. बाबांचे डोळे गेल्यापासून ही भिंत नेमकी कोणासाठी सजवतोय हे मला तरी न उलगडलेलं कोडं आहे, पण कार्ड उतरवू म्हटलं की म्हणतात, "राहू दे गं, तुझं काय खातंय?"

परवा काकू आल्या होत्या. बाबांनी त्यांना हाताला धरून भिंतीपाशी नेलं. "बघा, आमची धाकटी कुठे कुठे पोचते!" काकूंनी चष्मा लावून एकेक कार्ड पाहिलं आणि म्हणाल्या, "किती आठवण ठेवते हो ही!" तोवर बाबा खुर्चीत येऊन बसले होते आणि मी खाली बसून त्यांच्या पायाला मलम चोळत होते. काकूंना माझ्या अंगावरून पाय टाकून पलीकडे जावं लागलं. वर्षातून चार-सहा वेळा तीन ओळी खरडल्या की ती आठवण ठेवणारी, आणि रोज सकाळी दाढीचं पाणी गरम करणारी ही काय, आहेच! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. असो. मी तक्रार करत नाहीये, घडलं ते सांगतेय.

आता मुद्द्याचं. तू कार्ड पाठवणं बंद केलंस तर बरं होईल.

वाईट वाटून घेऊ नकोस. बाबांना आता त्याचा कंटाळा येतो. कार्ड आलं की मी त्यांना खुर्चीत बसवून चित्रात काय काय आहे ते सांगते, मागचं वाचते. ते गप्प ऐकत राहतात. मध्येच "अजून काय?" म्हणतात. मी अजून काहीतरी सांगते. पुन्हा "अजून काय?" माणूस असं कधी विचारतो? ऐकलेल्यात काही राम नसला की. मग चेहरा पाडून कार्ड हातात घेऊन बसतात, तिकिटावरून अंगठा फिरवत. मला बघवत नाही.

आणि आपण तर छापखान्यातल्या पोरी. बाबांनी जन्मभर हीच कार्डं कापली. चित्रातल्या दोरीवरचे कपडे पुसायचे, विजेचा खांब पुसायचा, वरती छान निळं आभाळ चढवायचं, हे आपण लहानपणापासून पाहिलंय. बटाट्याचा ढग विसरली नाहीस ना? छापखान्याकडे चांगला असा एकच, बटाट्याच्या आकाराचा ढग होता, तो तळ्यावरही चढवायचे, स्टेशनवरही आणि घड्याळाच्या मनोऱ्यावरही. दुकानाबाहेरच्या स्टँडवर आपण दोघी बटाटा शोधत उभ्या राहायचो आणि दुकानदार हाकलायचा. तेव्हा दुरून डोंगर साजरे कसे करतात, ते आपल्याला तरी कोणी सांगायला नको.

त्यापेक्षा रविवारी फोन कर. आवाज तरी ऐकू येईल.

आणि हे मी हेव्याने लिहितेय असं मनातसुद्धा आणू नकोस. मला बसमध्ये बसलं तरी गरगरतं, हे तुला ठाऊक आहे.

तब्येतीला जप. नाटकवाल्यांचे टोप विंचरता विंचरता स्वतःच्या डोक्याला तेल लावायला विसरत जाऊ नकोस.

तुझी,
ताई


२४ जुलै

प्रिय भिंगरीस,

आशीर्वाद. तुझे चारही रविवारचे फोन आले. म्हणजे तू माझं ऐकलंस. लहानपणापासून मी "पूर्वेला जा" म्हटलं की तू पश्चिमेला जाणार, आणि नेमकं यावेळी बरी शहाण्यासारखी वागलीस!

फोनवर बाबांचं बोलणं तू ऐकतेसच. "बरा आहे. जेवलो. तू जेवलीस का? घे, ताईशी बोल." की रिसीव्हर माझ्या हातात. कापणाऱ्या मशीनच्या आवाजात आयुष्य गेलं त्यांचं, बिनकामाचं बोलायची सवयच नाही. आणि फोन ठेवला रे ठेवला की मला विचारतात, "कार्ड आलं का?"

मी म्हणते, "आत्ता तर बोललात तिच्याशी!"

"हो, पण कार्ड?"

तुला खरं सांगू, अंगाचा तिळपापड झाला माझ्या. आवाज ऐकून पोट भरत नाही, वर कार्डही पाहिजे! सकाळी पोस्टमन यायच्या वेळेला खुर्ची दाराशी ओढून घेतात. पोस्टमनदादा बिचारा लांबूनच मान हलवतो, ती यांना दिसत नाही, मग त्याला ओरडून "नाही हो आज" म्हणावं लागतं. काकूंनी कानाचं यंत्र घेतल्यापासून त्यांनाही ते ऐकू जातं, आणि त्या वरून विचारतात, "धाकटीचं काही नाही ना आलं?" सगळ्या जिन्याला माहीत झालंय.

जेवणही कमी झालंय. अर्धा भात ताटात ठेवून उठतात. डॉक्टर म्हणाले, वयामुळे असेल. असेलही.

घर फार शांत झालंय गं. मी शिलाईच्या मशीनवर बसते, ते खुर्चीत. दिवसभरात आमचं बोलणं काय, तर चहा घेता का, गोळी घेतली का, दिवा लावू का. यातला दिव्याचा प्रश्न तर मी सवयीनेच विचारते, आणि ते तितक्याच सवयीने "लाव" म्हणतात.

तू कार्ड पाठव असं मी म्हणत नाहीये. एकदा सांगितलं ते सांगितलं. सहज विचारते, तू आहेस तिकडे कार्डं मिळतात का? म्हणजे अजून कोणी छापतं का, एवढंच. बाबांना सांगायला.

तुझी,
ताई


१९ ऑगस्ट

प्रिय भिंगरे,

हे पत्र मी तीनदा सुरू केलं आणि तीनदा फाडलं. आता मशीनवरचं काम बाजूला सारून बसलेय, कोपऱ्यात चार पँटी आणि एक कोट वाट बघताहेत. बघू देत.

आधी सांगून टाकते, मी माफी मागायला बसलेली नाही. तेवढी आशा ठेवून वाचू नकोस.

बाबांना तुझी कार्डं कंटाळवाणी वाटतात असं मी लिहिलं होतं. त्यांना जी कार्डं ऐकू यायची ती तू पाठवलेली नव्हतीच. ती माझी होती.

सुरुवात त्या डोंगरावरच्या किल्ल्यापासून झाली. त्या दिवशी मी सकाळपासून राबत होते. बाबांची चादर दोनदा धुतली होती, एक बाई ब्लाउज घट्ट झाला म्हणून माझ्यावर तोंडसुख घेऊन गेली होती, आणि वर तुझं कार्ड. ऊन, फुलं, किल्ला, "तुम्ही दोघं इथे हवे होतात." उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं बाई! बाबा म्हणाले, "सांग, काय आहे चित्रात?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "किल्ला आहे, पण अर्ध्या भिंतीला परांची बांधलीय. आभाळ भरून आलंय. खाली सगळा चिखल."

बाबा म्हणाले, "अजून काय?"

मग काय, मला चेव आला. तुझ्या त्या प्रसिद्ध चौकात मी धो धो पाऊस पाडला. कारंजं बंद पाडलं. राजवाड्यासमोर कचऱ्याची गाडी उभी केली आणि तिच्या ड्रायव्हरला आपल्या जुन्या घरमालकाचं नाक दिलं. पुलावरून एक बाई उलटी झालेली छत्री सरळ करत चालली होती, तिच्या मागून दोन कुत्री, आणि कुत्र्यांच्या मागून एक म्हातारा, एका पायात बूट आणि दुसऱ्यात चप्पल. बाबा विचारायचे, "अजून काय?" आणि मी अजून सांगायचे. पाव-पाव तास. तुझ्या जगावर चिखल उडवताना मला जो आनंद व्हायचा, तो कुणाला सांगायची सोय नव्हती.

कारण सरळ आहे. माझ्या पोटात दुखायचं. दुखतं. नाटकवाले आपल्या गावात आले तेव्हा त्यांचे उसवलेले पोशाख कोणी शिवले? मी. त्या म्हाताऱ्या राजाच्या झग्याला अस्तर कोणी लावलं? मी. मॅनेजर मला म्हणाला होता, "बाई, तुमच्यासारखा हात आमच्याबरोबर पाहिजे," आणि मी बाबांकडे बघून हसण्यावारी नेलं. गाठोडं पोचवायला तुला पाठवलं. तिथे टोपवाली आजारी पडलेली, तू दोन टोप विंचरून दिलेस, आणि गेलीस की त्यांच्याबरोबर. कपडे मी शिवले, पोचवायला तू गेलीस, आणि तूच पोचलीस. हे मी तुला कधी बोलले नाही. बसमध्ये गरगरतं म्हणत राहिले. मला कुठल्याही बसमध्ये काहीही होत नाही.

तर, कार्डं बंद झाली आणि बाबा मिटल्यासारखे झाले. मला वाटलं, तुझ्यावाचून झुरताहेत. त्याने माझा आणखी जळफळाट. पण डोळ्यांदेखत भात ताटात राहतोय म्हटल्यावर मी किती दिवस ताठ राहणार? गेल्या गुरुवारी दुपारी मी जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा घेतला, कात्रीने कार्डाएवढा कापला, आणि दाराशी जाऊन मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "बाबा, आलं हो कार्ड!"

लगबगीने सावरून बसले. मी ठरवलंच होतं, आज कंजूषपणा करायचा नाही. म्हटलं, "तळं आहे. लख्ख ऊन. पांढऱ्या होड्या. काठाने नुसती फुलंच फुलं. आभाळ म्हणजे काय निळं आहे बाबा! लोक हसताहेत."

बाबांनी "अजून काय?" विचारलंच नाही. त्यांनी चाचपडत माझं डोकं शोधलं आणि कपाळावर हात ठेवला.

"ताप आलाय का तुला?"

मी म्हटलं, "नाही, का?"

"मग आज ऊन कसं पडलं?"

त्यांनी माझ्या हातातला पुठ्ठा घेतला, कडेवरून अंगठा फिरवला. "ही तुझी कात्री आहे. कापणाऱ्या मशीनची कड अशी कुरतडल्यासारखी नसते. आणि तिकीट कुठाय?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग सगळंच सांगितलं, तुला कार्डं बंद करायला मीच लिहिलं तेसुद्धा. ते चिडले. पुष्कळ दिवसांनी चिडले. "तुमच्या दोघींच्या भांडणात उपास मला का?" म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, त्या आधीच्या कार्डांवरही पाऊस नव्हता."

यावर हसायलाच लागले. "अगं, पावसाचं कार्ड कोण छापेल? आणि घेईल कोण? माझ्या हातून इतकी कार्डं गेली, एकावर थेंब पाहिला नाही. आणि कचऱ्याची गाडी! कचऱ्याची गाडी पुसून टाकायला आमच्याकडे एक खास माणूस पगारावर होता!"

बघ, म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं. छापखानेवाल्याची मुलगी मी, आणि पोस्टकार्डावर पाऊस पाडायला गेले! दुसऱ्या कुणाला फसवलं असतं तर चाललंही असतं.

मी विचारलं, "मग अजून काय, अजून काय, असं का विचारत होतात?"

तर म्हणाले, "तू एरवी बोलतेस का? दिवसभर त्या मशीनची टकटक. कार्ड आलं की बोलायचीस. रागाने का होईना, बोलायचीस. किती पाऊस पाडलास त्यावरून मला कळायचं, आज हिचा दिवस कसा गेलाय. आणि तो एका पायात बूट, दुसऱ्यात चप्पल घातलेला म्हातारा... त्याचं पुढे काय झालं, ते तू सांगितलंच नाहीस."

भिंगरे, मी रडले. लपवत नाही. ते तिकिटावर अंगठा फिरवत तुझी वाट बघतात असं मी समजत होते, आणि ते माझ्या तोंडून दोन शब्द निघायची वाट बघत बसले होते. तुला वाईट वाटेल हे वाचून. थोडं वाटू दे. इतके दिवस मला वाटलंय.

पण मग त्यांनी मला शिक्षा केली. म्हणाले, "आता सगळी कार्डं उतरव आणि खरी खरी सांग." भिंतीवरून एकेक काढलं आणि सांगितलं. सगळं निळं, सगळं उन्हातलं, जसं तू पाहिलंस तसं. फार जड गेलं. खोटं बोलताना जीभ घसरत होती, खरं सांगताना अडखळायला लागली. तो किल्ला खरोखर फार सुंदर आहे गं.

मागचंही पूर्ण वाचलं. इतके दिवस मी तुझी शेवटची ओळ त्यांना कधी वाचून दाखवलीच नव्हती. मला ती जखमेवरचं मीठ वाटायची. "तुम्ही दोघं इथे हवे होतात." आम्ही कसले येतोय! बाबांनी ती पहिल्यांदा ऐकली. मग दुसऱ्या कार्डावर ऐकली, तिसऱ्यावर ऐकली. म्हणाले, "प्रत्येकावर आहे?"

"प्रत्येकावर."

मग म्हणाले, "मी तिथे जाऊन काय बघणार आहे? वेडे, तुला बोलावत होती ती. माझं नाव नुसतं सोबतीला."

खरं आहे का हे? तू सांग. नसेल तरी हो म्हण.

आता काम ऐक. कार्डं पाठवायला लाग. ताबडतोब, आणि जाड कागदाची, कड नीट कापलेली घे, त्यांना अंगठ्याखाली लागते. पाऊस पाडायचा की नाही ते आमचं आम्ही बघू. आणि तुमची नाटकमंडळी दोन महिन्यांनी सुट्टी घेतात ना? तेव्हा तू इकडे ये. दाढीचं पाणी फार कढत लागत नाही, पायाचं मलम फळीवर आहे, आणि दिवा लावू का हे विचारायचं, नाहीतर त्यांना चुकल्यासारखं होतं. मी जाणार आहे. कुठे ते ठरवलेलं नाही. मी जिथे जाईन तिथून तुला कार्ड पाठवीन, मस्त, उन्हातलं, मागे तीन ओळींचं. ते तू बाबांना वाचून दाखव. सकाळपासून राबल्यावर, चादर दोनदा धुतल्यावर. बघू या, तू त्यावर किती पाऊस पाडतेस ते.

माझा हेवा गेला असं समजू नकोस. तो आहे तिथेच आहे, फक्त आता घरात त्याला सगळे ओळखतात.

सोबत एक कार्ड घातलंय. आपलं तळं आहे, बाबांच्या हातचं, खाटेखालच्या पेटीतून काढलेलं. बटाटा डाव्या कोपऱ्यात आहे. पत्र वाचून झालं की मग ते उलट. आजवर मी कुणाला कार्ड लिहिलेलं नाही, त्यामुळे तीन ओळीच कराव्या लागतात हे आज कळलं. जागाच नसते.

तुझी,
ताई


भिंगरे,

इथे आज खरंच पाऊस आहे, चित्रावर जाऊ नकोस.
बाबा पूर्ण जेवले.
तू इथे हवी होतीस.

ताई